रोजचा एनर्जी बार

संध्याकाळी अंधेरीचं ऑफिस सुटतं, मेट्रोने घाटकोपर गाठायचं, तिथून मुलुंडची लोकल. दुपारचा डबा केव्हाच जिरलेला असतो आणि बॅगेतून निघतो एनर्जी बार. रोज खाल्ला तर त्याची सवय लागते का?

तंबाखू किंवा दारूसारखं व्यसन लागत नाही. पण ठरावीक वेळी गोड मिळत गेलं, की त्या वेळेला जीभ ते मागू लागते. ही सवय मात्र खरी.

आता वेष्टन उलटून बघा. आपल्याकडे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल, तर तो बार म्हणजे चक्क मिठाईच. वरून घातलेली साखर, मधसुद्धा धरून, दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवणं उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. बारमध्ये १२ ग्रॅम असली, तर निम्मा वाटा तिथेच संपला. ऑफिसातले चहा अजून मोजायचेच आहेत. 'शुगर फ्री' बारमध्ये पुष्कळदा गोडीसाठी माल्टिटॉल असतं. ते जास्त झालं तर गॅस होतो, जुलाबही.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत चालत चढलात, तर बार जरूर खा. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने रोज? माझं मत, नको. त्यापेक्षा डबीत मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. आणि मधुमेह असेल, तर बार सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.