घेतलेली मोटार परत देता येते काय?

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपण दुकानांतून कितीतरी वेळा वाचली असेल. कापडाच्या दुकानात ती आपण मनावर घेत नाही; रंग विटला तर नुकसान थोडके. परंतु आयुष्याची पुंजी घालून, वर बँकेचे कर्ज काढून घेतलेली मोटार आठ दिवसांत रस्त्यात बंद पडू लागली, म्हणजे त्या पाटीला कायद्यात किती बळ आहे, हा प्रश्न गृहस्थाची झोप उडवितो.

एक काळ असा होता, की हा प्रश्न कोणी विचारीतच नसे. कुर्ल्याची फियाट किंवा उत्तरपाड्याची अँबॅसेडर मिळावी म्हणून वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. मिळाली हेच भाग्य. ती परत कोण करणार? आज विक्रेताच गिऱ्हाइकाला शोधीत असतो. बाजार पालटला, तेव्हा प्रश्नही पुढे आला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रंग पसंत पडला नाही, हप्ता झेपत नाही, शेजाऱ्याला तीच मोटार स्वस्तात मिळाली, अशा कारणांसाठी मोटार परत करण्याचा हक्क आपल्याकडे कोणताही कायदा देत नाही. विक्रेत्याने आपखुशीने घेतली तर गोष्ट निराळी. मन पालटणे आणि माल सदोष असणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत.

माल सदोष असेल, किंवा ठरला त्याहून वेगळा असेल, तर मात्र १९३० चा मालविक्रीचा कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. हा कायदा कराराच्या अटींचे दोन वर्ग करतो: शर्त आणि हमी. शर्त म्हणजे कराराचा गाभा. ती मोडली तर माल नाकारता येतो. हमी ही दुय्यम. ती मोडली तर नुकसानभरपाई मिळते, माल मात्र ठेवून घ्यावा लागतो. पण यातही एक मेख आहे. एकदा माल ‘स्वीकारला’, की साधारणतः शर्तीचा भंगदेखील हमीच्या भंगासारखाच मानला जातो. स्वीकारला असे केव्हा म्हणायचे? तसे कळविले तर, मालकाप्रमाणे त्याचा व्यवहार केला तर, किंवा वाजवी मुदत उलटूनही नकार न कळविता माल जवळ ठेवला तर. तपासण्याची वाजवी संधी मिळण्यापूर्वी मात्र स्वीकार झाला असे धरीत नाहीत. आणि रास्त कारणाने नाकारलेला माल विक्रेत्याकडे पोहोचविण्याचे बंधनही ग्राहकावर नाही, नकार कळविला की पुरे.

तात्पर्य, आपला हक्क परत करण्याचा नव्हे, तर नाकारण्याचा आहे. आणि तो दिवसागणिक क्षीण होत जातो.

न्यायालयांचे निर्णय हेच दर्शवितात. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले, की कंपनीची वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, सबंध मोटार बदलून देण्याची नव्हे. ग्राहकाला झालेल्या त्रासापोटी ५०,००० रुपये देवविले. नंतरच्या एका प्रकरणात इंजिनाच्या आवाजाची तक्रार होती. तेथे न्यायालयाने म्हटले, की निर्मितीतच दोष आहे असे स्वतंत्र तज्ज्ञाने ठरविल्यास मोटारीची किंमत परत द्यावी. म्हणजे प्रश्न एखाद्या भागाचा, की मूळ घडणीचा, यावर सारे अवलंबून असते.

गोव्यातल्या एका ग्राहकाचे प्रकरण २०२१ साली निकालात निघाले. २०११ ची म्हणून विकलेली मोटार प्रत्यक्षात २००९ ची निघाली, आणि तिने सहाशेहून अधिक किलोमीटर अंतर आधीच कापले होते. विक्रेत्यावरील ठपका न्यायालयाने योग्य ठरविला. परंतु विक्रेत्याच्या या कृत्याची माहिती निर्मात्याला होती असे सिद्ध न झाल्याने त्याला जबाबदार धरले नाही. तेव्हा दाद कोणाविरुद्ध मागायची, याचाही विचार आधीच करावा लागतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने आपले हात अधिक बळकट केले आहेत. सदोष माल परत न घेणे, आणि पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नुसती पाटी लावून विक्रेत्याची सुटका होत नाही. दोष दूर करणे, माल बदलून देणे, किंमत परत देणे, यांपैकी योग्य तो आदेश आयोग देऊ शकतो. किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात, तक्रार करता येते. भोपाळला किंवा बडोद्याला राहणाऱ्या मराठी माणसाने पुण्यात मोटार घेतली, तरी त्याला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. दरम्यान बँकेचा हप्ता थांबत नाही, हेही विसरू नये.

असो. कायदा जाणणे चांगले. पण खरे शहाणपण मोटार हाती येण्यापूर्वीच दाखवावे. नवी मोटार आता नोंदणीक्रमांक लावल्याखेरीज ताब्यात देत नाहीत, आणि नोंदणी झालेली मोटार परत आल्यास विक्रेत्याला ती नवी म्हणून विकता येत नाही. त्याच्या टाळाटाळीचे मूळ येथेच आहे. म्हणून नोंदणीचा अर्ज जाण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात, जाणत्या माणसाला सोबत नेऊन मोटार पाहावी. निर्मितीचा महिना व वर्ष, चासी क्रमांक, किलोमीटरचा आकडा कागदांशी ताडून घ्यावा. पुढे काही बिघडलेच, तर तोंडी तक्रारीवर विसंबू नये. लेखी कळवावे, आणि कार्यशाळेच्या प्रत्येक भेटीचा कागद जपून ठेवावा. आयोगापुढे संतापाला किंमत नाही, तारीख घातलेल्या कागदाला आहे.