गळती आणि कारागीर



जुन्या प्रोजेक्शन टेलिव्हिजनमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा 3 नळ्या असतात. नळी व भिंग यांमध्ये ग्लायकॉलचा द्रव असतो. तो उष्णता वाहून नेतो. कालांतराने रबरी रिंग ताठरते, द्रव झिरपतो, खालच्या सर्किटवर पडतो. चित्र धूसर होते, कधी संचही जळतो. नुसता द्रव भरून भागत नाही. रिंग बदलावी, सर्किट पुसावे, बुडबुडा राहू देऊ नये.

मात्र प्लग काढल्यावरही नळीत वीज टिकते. द्रव गोड, पण विषारी. 2016 आणि 2024 च्या मे महिन्यांत कारखान्यांतले स्फोट पाहिलेल्या डोंबिवलीकरांना सुरक्षेचे मोल मी काय सांगावे? दुरुस्तीला घाई करू नका. संच दुसरा मिळेल. कारागिराचा हात दुसरा मिळत नाही.