पेशीतला पारखी

श्रोतेहो, बाजारात मडके घेताना आपण आधी त्यावर टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजले तर घरी न्यायचे, बद्द वाजले तर परत ठेवायचे. अशीच पारख आपल्या शरीरातल्या पेशींत रात्रंदिवस चालू असते.

पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. मिठातले क्षार त्यातून सहजी आरपार जात नाहीत. म्हणून त्यात प्रथिनांची दारे बसवलेली असतात. ही दारे घडतात कशी? रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण ॲमिनो आम्लांचे मणी ओवून माळ करतात. कुठे जायचे याची खूण माळेतच असते. त्या खुणेने ती ओवली जात असतानाच अंतर्द्रव्यजालिका नावाच्या कारखान्यात शिरते. प्रथिनांतल्या अशा खुणा उलगडल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कारखान्यात माळेला घड्या पडतात, शर्करेच्या साखळ्या जोडल्या जातात. मदतनीस प्रथिने हात देतात. घडी बरोबर पडली, की माल गॉल्जी पिंडाकडे जातो. तिथे शेवटचा हात फिरला, की आवरणात बसतो. घडी बिघडली, तर त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी डकवून त्याचे तुकडे केले जातात.

पारखी कडक असलेला बराच, असे तुम्ही म्हणाल. पण एक उदाहरण ऐका. क्लोराइडला वाट देणाऱ्या एका दारात १४८० मणी असतात. काहींच्या शरीरात जन्मतःच ५०८वा मणी गळलेला असतो. हे १९८९ साली उमगले. असे दार जागेवर पोचले, तर थोडेफार काम करते. पण पारखी बहुतेक सारा माल मोडीत काढतो. तोंड जरासे वाकडे म्हणून पाणी धरणारे मडकेही फोडावे, तशी गत! मग फुप्फुसात चिकट कफ साठतो, घाम फार खारट होतो. हाच सिस्टिक फायब्रोसिस. पूर्वी अशी मुले लहानपणीच दगावत. आता घडी सुधारणारी आणि दार उघडे ठेवणारी औषधे निघाली आहेत. त्यांतल्या तीन औषधांच्या मिश्रणाला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. मात्र ती फार महाग आहेत.

हा रोग आपल्याकडेही आढळतो. तेव्हा गुरुजींनो, आयाबहिणींनो, एखादे मूल सतत खोकत असेल, खाऊनही अंगी लागत नसेल आणि त्याची पापी घेताना ओठांना मीठ लागत असेल, तर नजर लागली म्हणून बसू नका. डॉक्टरांना घामाची तपासणी करायला सांगा. पेशीतला पारखी चुकला, तरी आपली पारख चुकू नये.