पाण्याचा जमाखर्च आणि गावाचा आराखडा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



पाणपोई, अन्नदान, औषधोपचार, आपद्ग्रस्तांना साहाय्य ही आपल्या समाजाची जुनी परंपरा आहे. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या सेवेचे अभिनंदन करताना, पुढील वाटचालीसाठी भिवंडी परिसरातील लहान गावांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या महापुरात भिवंडी-कल्याण परिसरही जलमय झाला. उलट, शेजारच्या शहापूर तालुक्यात मुंबईची तहान भागविणारी तानसा व भातसा ही धरणे असूनही अनेक आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असे हवामानशास्त्रज्ञांचे अभ्यास सांगतात. पूर आणि टंचाई ही आता एकाच वर्षातील दोन संकटे झाली आहेत.

परंतु दोष केवळ पावसाचा नाही. भातखाचरांवर आणि पाणथळ जागांवर भराव घालून आपल्या परिसरात गोदामे उभी राहिली. खाचरांत विसावणारे पाणी मग वस्तीकडे वळते. या व्यापाराच्या लाभात आपल्यापैकी अनेकांचा वाटा आहे. तसाच तो उत्तरदायित्वातही असावयास हवा.

आपल्या धर्माने पाण्याला अप्काय जीव मानले. पाणी गाळून आणि आवश्यक तेवढेच वापरण्याची जयणा आपण घरात पाळतो. हीच जयणा गावाच्या पातळीवर नेली, की तिला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हे प्रत्यक्षात आणले. पावसाळ्यानंतर तेथे उपलब्ध पाणी मोजले जाते. प्रथम माणसे व जनावरे, नंतर शेती, असा क्रम ठरतो आणि पाण्याच्या बेताने पिके घेतली जातात. भारतीय जैन संघटनेनेही 2018 साली बुलढाणा जिल्ह्यात जलाशयांतील गाळ काढण्यासाठी यंत्रे पुरविली. जलाशयाची साठवण वाढावी आणि तोच गाळ शेतात पडून जमिनीचा कस सुधारावा, असा त्यात दुहेरी लाभ आहे.

ग्रामपंचायत दरवर्षी आपला विकास आराखडा तयार करते. त्यात रस्ते व गटारे येतात. पूररेषा, जुने ओढे, विहिरींची पातळी बहुधा राहून जाते. लहान गावाजवळ मोजणी करणारा माणूस नसतो. येथे आपण उपयोगी पडू शकतो. पर्जन्यमापक द्यावा, विहिरींच्या नोंदी ठेवण्यास तरुणांना शिकवावे, ज्येष्ठांना विचारून ओढ्यांचा नकाशा करून द्यावा. निर्णय मात्र ग्रामसभेचाच असावा; दात्याने गावाचा मालक होऊ नये.

आणि आरंभ स्वतःपासून व्हावा. 1,000 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1 लाख लिटर पाणी जमते. गोदामवाल्याने ते साठवावे अथवा जिरवावे आणि ओढ्याची वाट मोकळी ठेवावी.

टँकर पाठविणे हे पुण्यकर्म आहेच. परंतु टँकर लागू नये अशी व्यवस्था करणे ही अधिक दूरवरची जीवदया आहे. हिशेबाची चोख वही ही आपल्या समाजाची ओळख. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने निदान एका गावाला त्याच्या पाण्याची वही लिहिण्यास साहाय्य करावे, एवढी विनंती करून माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र.