हवामान उपग्रह : प्रक्षेपणानंतरची कसोटी



उपग्रहाचे प्रक्षेपण यशस्वी झाले की वृत्तपत्रांत ठळक मथळा येतो आणि मोहीम फत्ते झाली असा सर्वसाधारण समज होतो. विकासाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी केवळ मोठा खर्च पूर्ण झालेला असतो. लाभाला सुरुवात व्हायची असते. उपग्रह आपल्या कक्षेत स्थिरावणे, त्याची घडी घातलेली अंगे उलगडणे, उपकरणांची तपासणी होणे आणि त्यांनी टिपलेली माहिती हवामानाच्या अंदाजासाठी वापरात येणे, हा सर्व टप्पा मध्ये उरतो. यालाच उपग्रह कार्यान्वित करणे म्हणतात. भूस्थिर कक्षा विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असते. तेथे दुरुस्तीसाठी कोणी जाऊ शकत नाही. जे काही करावयाचे ते जमिनीवरून आज्ञा पाठवूनच करावे लागते. भारताच्या इन्सॅट-१ मालिकेचा इतिहास या टप्प्याचे महत्त्व समजून घेण्यास उपयुक्त ठरतो.

एक उपग्रह, तीन कामे

दूरसंचार, दूरदर्शन व आकाशवाणीचे प्रक्षेपण आणि हवामान निरीक्षण ही तिन्ही कामे एकाच उपग्रहाकडे सोपविण्याचा निर्णय भारताने घेतला. मर्यादित साधनसंपत्ती असलेल्या देशासाठी हा काटकसरीचा मार्ग होता. पहिले उपग्रह अमेरिकेतील फोर्ड एरोस्पेस कंपनीकडून बांधून घेण्यात आले व त्यांच्या नियंत्रणासाठी कर्नाटकात हासन येथे मुख्य नियंत्रण केंद्र उभारण्यात आले. एक उपग्रह कामावर आणि दुसरा राखीव, अशी मूळ योजना होती.

परंतु तीन कामे एकत्र आणताना रचना गुंतागुंतीची झाली. रात्रीच्या वेळीही ढग दिसावेत म्हणून अवरक्त किरण टिपावे लागतात. त्यासाठीचा संवेदक अतिशय थंड ठेवावा लागतो आणि त्याच्या शीतकासमोर मोकळे, थंड अवकाश असावे लागते. त्या बाजूला सौरपट्टी बसविता येत नाही. म्हणून सौरपट्टी एकाच बाजूला ठेवली गेली. सूर्यप्रकाशालाही किंचित दाब असतो. एकाच बाजूच्या पट्टीवर तो पडत राहिला की उपग्रह हळूहळू वळू लागतो. हा तोल साधण्यासाठी विरुद्ध बाजूला लांब दांड्यावर सौरशीड जोडण्यात आले होते.

पहिले अपयश आणि त्यानंतर

इन्सॅट-१ए १० एप्रिल १९८२ रोजी अवकाशात गेला. प्रारंभी त्याची एक अँटेना उलगडली नाही. प्रयत्नांती ती मोकळी झाली. सौरशीड मात्र उघडलेच नाही. त्यामुळे तोल राखण्यासाठी इंधन अपेक्षेपेक्षा अधिक खर्च होऊ लागले. तरीही १५ ऑगस्ट १९८२ पासून दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम या उपग्रहामार्फत सुरू झाला. सप्टेंबरच्या आरंभी उपग्रहाचा पृथ्वीकडील रोख सुटला, इंधन संपले आणि ६ सप्टेंबर रोजी तो निकामी झाला. सात वर्षांसाठी आखलेली सेवा पाच महिनेही टिकली नाही.

इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर अवकाशयानातून गेला. याची सौरपट्टी उलगडेना. अभियंत्यांनी चिकाटीने प्रयत्न केले आणि सप्टेंबरच्या मध्यास ती उघडली. ऑक्टोबरमध्ये उपग्रह पूर्णतः सेवेत आला. राखीव म्हणून ठरविलेल्या या उपग्रहालाच मुख्य भार उचलावा लागला आणि १९८८ पर्यंत त्याच्या पाठीशी दुसरा उपग्रह नव्हता. जुलै १९८८ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१सी ची निम्मी क्षमता वीजपुरवठ्यातील दोषामुळे गेली. नोव्हेंबर १९८९ मध्ये तोही हातचा गेला. इन्सॅट-१डी ला तर उड्डाणापूर्वीच, १९८९ मध्ये, प्रक्षेपण तळावरील अपघातात इजा झाली. दुरुस्तीनंतर १२ जून १९९० रोजी तो सोडण्यात आला आणि त्याने दीर्घकाळ सेवा दिली. थोडक्यात, चारपैकी दोनच उपग्रहांनी अपेक्षित काम केले.

खर्चाचा हिशेब

राखीव उपग्रह म्हणजे पडून राहिलेले भांडवल, असा आक्षेप अंदाजपत्रकाच्या चर्चेत घेतला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे. विम्याने उपग्रहाची किंमत भरून निघू शकते. परंतु निरीक्षणाविना गेलेला पावसाळा परत मिळत नाही. नोव्हेंबर १९७७ मधील आंध्र प्रदेशातील चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर प्रचंड वादळ आले, तेव्हा मृतांची संख्या हजाराच्या आत राहिली. याचे श्रेय एकट्या उपग्रहाचे नव्हे. वेळेवर दिलेला इशारा, लाखो लोकांचे स्थलांतर आणि निवारे यांचाही त्यात वाटा होता. तथापि, वादळ समुद्रावर असतानाच त्याचा मार्ग दिसणे ही या साखळीची पहिली कडी होय. ती उपग्रहाअभावी तुटली तर पुढील यंत्रणा सज्ज असूनही तिला वेळ मिळत नाही.

धोरणातील बदल

या अनुभवानंतर भारताने उपग्रह देशातच बांधण्यावर भर दिला. १० जुलै १९९२ रोजी सोडलेला इन्सॅट-२ए हा त्या मालिकेतील पहिला होता. पुढे १२ सप्टेंबर २००२ रोजी श्रीहरिकोटा येथून केवळ हवामानासाठीचा मेटसॅट सोडण्यात आला. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला अंतराळवीर कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ ‘कल्पना-१’ हे नाव देण्यात आले. २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस असे उपग्रह क्रमाने गेले. जुना थकण्यापूर्वी नवा पोहोचावा, हे सूत्र या क्रमात दिसते. जोडीचा आणखी एक लाभ असा, की दोन उपग्रहांच्या वेळा आलटून पालटून ठेवल्यास दर अर्ध्या तासाऐवजी दर १५ मिनिटांनी चित्र मिळू शकते. राखीव क्षमता अशा रीतीने रोजच्या उपयोगातही येते.

मित्रहो, धरण, वीजकेंद्र वा उपग्रह, कोणत्याही सार्वजनिक प्रकल्पाचे मूल्यमापन करताना उद्घाटनाच्या तारखेवर थांबू नये. सेवा प्रत्यक्ष केव्हा सुरू झाली, आरंभीचे दोष कसे हाताळले गेले आणि मुख्य यंत्रणा बंद पडल्यास पर्याय कोणता होता, हे तीन प्रश्न विचारावेत. समुद्रावर गेलेल्या कोळ्याला आणि पेरणीसाठी थांबलेल्या शेतकऱ्याला अंदाज वेळेवर मिळणार की नाही, हे त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असते.