साखरेचे भय आणि साखरेची गरज

रायपूर शहरातील चौबे कॉलोनी ही वस्ती तेथील महाराष्ट्र मंडळामुळे मराठी मंडळींच्या परिचयाची आहे. छत्तीसगड एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. पुढे ते नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात राहिले. त्यामुळे मराठी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आणि त्यांच्या बोलीत हिंदी सहज मिसळली. रुग्णाच्या शिरेतून द्रव देऊ लागले, की शेजारी म्हणतात ‘बॉटल चढली’, आणि मराठी घरात म्हणतात ‘सलाईन लावले’. दोन्ही शब्दप्रयोगांत एक गोष्ट मात्र झाकली जाते. टांगलेल्या बाटल्या सारख्याच दिसल्या, तरी त्यांतील द्रव सारखा नसतो. निरोगी माणसाच्या बाबतीत हा भेद कित्येकदा खपून जातो. मधुमेही माणसावर शस्त्रक्रिया व्हावयाची असते, तेव्हा तो खपत नाही.

अशा प्रसंगी नातेवाइकांच्या मनात पहिली भीती उभी राहते ती साखरेची. ज्याच्या चहातली साखर वर्षानुवर्षे मोजली, त्याच्याच शिरेत ‘डेक्स्ट्रोज’ जात आहे असे बाटलीवर वाचले, की ती तत्काळ काढावी असे घरच्यांना वाटते. दुसरी समजूत याहून घातक आहे. रुग्ण उपाशी आहे, मग त्याला इन्सुलिन हवेच कशाला? दोन्ही तर्क वरवर सरळ दिसतात. परंतु शरीराचा हिशेब निराळा आहे.

शस्त्रक्रिया हा शरीराला बसलेला एक आघात असतो. त्याला तोंड देण्यासाठी कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरके रक्तात उतरतात आणि यकृत साखर सोडू लागते. म्हणजे रुग्णाच्या पोटात अन्नाचा कण नसतानाही रक्तातील साखर वाढू शकते. याच वेळी इन्सुलिन अपुरे पडले, तर ती साखर पेशींना वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते, कीटोन साचतात आणि रक्त आम्ल होते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, जेथे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवीतच नाही, तेथे उपवासाच्या नावाखाली इन्सुलिन संपूर्ण थांबविणे हे प्राणावर बेतू शकते. आणि इन्सुलिन द्यायचे, तर त्याच्या सोबतीला साखर हवी. नाहीतर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. भुलेत असलेला माणूस घाम सुटल्याची किंवा भोवळ आल्याची तक्रार करू शकत नाही, हेही येथे विसरून चालत नाही.

शिरेतून द्रव देण्याची युक्ती मुळात शक्ती येण्यासाठी निघालेली नाही. १८३१ साली विल्यम ओशॉनेसी या तरुण वैद्याने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून त्यातील पाणी व क्षार घटल्याचे दाखविले. पुढे भारतात तारायंत्राची उभारणी करणारा तो हाच. १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅटा याने अशा रोग्यांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. सिडनी रिंगरने १८८० नंतरच्या दशकात क्षारांचे योग्य मिश्रण शोधले आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन याने १९३२ मध्ये त्यात लॅक्टेटची भर घातली. गेले ते भरून काढणे, हाच या सर्व खटाटोपाचा हेतू होता.

आज शस्त्रक्रियागृहात मुख्यतः तीन बाटल्या आढळतात. पहिली नॉर्मल सलाईनची. तिच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. तीत साखर नाही, म्हणून ती मधुमेह्याला निर्धोक वाटते. परंतु तिच्यातील क्लोराइड रक्तातील प्रमाणापेक्षा सुमारे दीडपट आहे. ती फार दिली, तर रक्ताची आम्लता वाढते, आणि ही आम्लता कीटोनची की क्लोराइडची, असा पेच चिकित्सकापुढे उभा राहतो. दुसरी बाटली पाच टक्के डेक्स्ट्रोजची. तिच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते. साखर जळून गेली, की मागे केवळ पाणी उरते. म्हणून नुसते डेक्स्ट्रोज देत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येण्याचा धोका संभवतो. तिसरी रिंगर लॅक्टेटची. तिचे क्षार रक्ताशी बरेच मिळतेजुळते आहेत.

या तिसऱ्या बाटलीवर एक आक्षेप होता. लॅक्टेटपासून यकृत साखर बनविते, म्हणून मधुमेह्याला ती देऊ नये, असा विचार टॉमस आणि अल्बर्टी यांच्या १९७८ मधील अभ्यासानंतर बळावला. परंतु साधा हिशेब मांडला, तर एका लिटरमधील सगळे लॅक्टेट साखरेत बदलले, तरी ती अडीच ग्रॅमच्या आसपासच भरते. डेक्स्ट्रोजमधील ५० ग्रॅमपुढे ती किती अल्प! म्हणूनच आता हे द्रव मधुमेह्याला वर्ज्य मानीत नाहीत.

तेव्हा निवड कशी होते? दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आटोक्यात आहे, शस्त्रक्रिया लहान आहे आणि उपवास एकाच जेवणाचा आहे, तर रिंगर लॅक्टेटसारखे द्रव आणि वेळोवेळी साखरेची मोजणी एवढे बहुधा पुरते. रक्तस्राव भरून काढण्यासाठी डेक्स्ट्रोज कधीच वापरीत नाहीत. मोठी शस्त्रक्रिया, लांबलेला उपवास किंवा इन्सुलिनवर अवलंबून असलेला रुग्ण असेल, तर डेक्स्ट्रोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम ही त्रयी एकत्र येते. इन्सुलिन पोटॅशियमलाही पेशींत ढकलते, आणि रक्तातील पोटॅशियम घटले तर हृदयाची लय बिघडते. म्हणून मूत्रपिंडे नीट चालत असल्याची खात्री करून ते जोडावे लागते. १९७९ मध्ये अल्बर्टी आणि टॉमस यांनी ही तिन्ही एकाच बाटलीत देण्याची पद्धत सुचविली. बाटली थांबली, तर साखर व इन्सुलिन दोन्ही एकदम थांबतात, हा तिचा गुण. मात्रा बदलायची, तर सारी बाटलीच बदलावी लागते, हा तिचा दोष. जेथे पंप उपलब्ध आहे, तेथे इन्सुलिन वेगळे देऊन दर तासाला साखर मोजतात आणि ती साधारणतः १०० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखतात.

अलीकडे यात एक नवी खबरदारी आली आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. या गोळ्या चालू असताना उपवास घडला, तर रक्तातील साखर फारशी न वाढताही कीटोन साचू शकतात. म्हणून डॉक्टर त्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान तीन दिवस बंद करावयास सांगतात.

यावरून नातेवाइकांचे कर्तव्यही स्पष्ट होते. बाटली कोणती, हे ठरविणे भूलतज्ज्ञाचे काम. पण रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो, इन्सुलिन किती आणि केव्हा घेतो, त्याने शेवटचे अन्न कधी घेतले, हे नेमके सांगणे घरच्यांचे काम. शस्त्रक्रिया सकाळी लवकर घ्यावी, अशी विनंतीही त्यांना करता येते. त्याने उपवास आटोपशीर राहतो. डेक्स्ट्रोजची बाटली दिसली, तर ती काढावयास न लावता इतकेच विचारावे, की तिच्याबरोबर इन्सुलिन चालू आहे ना, आणि साखर पुन्हा केव्हा मोजणार? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर त्या बाटलीचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही.