आधी शिक्का, मग गुन्हा

(पालघर येथील साहाय्यकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



एका कबुलीने सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी बोईसरजवळच्या आमच्या अभ्यासवर्गात एक मोबाइल हरवला. मी सर्वांत आधी एका कातकरी मुलाची पिशवी तपासली. इतरांच्या पिशव्या उघडल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी मोबाइल सतरंजीच्या घडीत सापडला. मी माफी मागितली. पण तो मुलगा पुन्हा वर्गाला आला नाही. पुढे तो वीटभट्टीवर गेल्याचे कळले.

समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी 1963 साली मांडले की, कोणते वागणे गुन्हा ठरवायचे आणि कोणावर शिक्का मारायचा, हे समाज ठरवतो. आणि शिक्का बसला की सरळ वाटा बंद होऊ लागतात. आपल्याकडे तर तो कायद्यानेच मारला गेला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरली. ती मुक्त झाली 1952 मध्ये. 1892 च्या मोहवा कायद्याने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आले. कालपर्यंत फुले वेचणारी बाई आज आरोपी! ती बदलली नव्हती, नियम बदलला होता.

रॉबर्ट मर्टन यांनी 1938 मध्ये दुसरे कारण दाखवले: सर्वांना एकच स्वप्न दाखवायचे, पण तिथवर जाणारी वाट थोड्यांनाच द्यायची. पाड्यावरच्या पोराला तारापूरच्या कारखान्यांतून सुटणाऱ्यांच्या मोटारसायकली रोज दिसतात. त्याची शाळा मात्र आईबापांबरोबर भट्टीवर जाताना सुटलेली असते.

म्हणून चोरी क्षम्य ठरत नाही. ज्याचे गेले त्याचे दुःख खरेच आहे. आणि बहुतेक गरीब माणसे चोरी करीतही नाहीत. का करीत नाहीत? ट्रॅव्हिस हिर्शी यांचे 1969 सालचे उत्तर असे: घर, शाळा, काम यांच्याशी जुळलेली नाती माणसाला सावरतात.

ती नाती जपणे आपल्या हाती आहे. दिवाळीनंतर कुटुंबे भट्टीवर निघतील. त्या हंगामात मुलांना गावीच ठेवून शिकवता येईल, यासाठी मदत करा. तुमच्या ओळखीने एखाद्या तरुणाला काम मिळवून द्या. आणि काही हरवले, तर आधी सतरंजी झटका.

त्या मुलाच्या पाड्यावर मी दोनदा जाऊन आलो. भेट झाली नाही. पावसाळ्यात भट्ट्या बंद झाल्या की पुन्हा जाणार आहे.